खुशालरावांची असल फियाट

माझ्या नणंदेचा नवरा बह्याड आहे, म्हणजे डोक्यानं जरा सरकलेला. माघारी बोलते असं समजू नका, मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलंय, अन् त्यांनी मान हलवून "हौ वहिनी, थोडा आहोच मी" असं कबूल पण केलंय. खुशालराव त्यांचं नाव. राहणार अकोला. जन्मभर पत्र्याचे कूलर बनवले. आता तुम्ही पुण्यामुंबईकडचे असाल तर म्हणाल, कूलर बनवणं हे काय काम झालं? तर एकदा मे महिन्यात अकोल्याला येऊन दाखवा. दुपारी बारानंतर तिथं कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी विचार करतं. त्या गावात कूलरवाल्याला डॉक्टरपेक्षा जास्त मान असतो, कारण डॉक्टर संध्याकाळी आला तरी चालतो.

मग प्लास्टिकचे कूलर आले. भाऊजींनी दुकान मुलाच्या, विपुलच्या, हवाली केलं अन् घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे बाईच्या डोक्याला ताप, पण माझी नणंद सुभद्राताई मनातून खूश होती. जन्मभर उन्हाळ्यात दुकान अन् हिवाळ्यात पुढच्या उन्हाळ्याची तयारी, असं चाललेलं. आता तरी दोघं मिळून कुठं जाऊ येऊ, असं तिला वाटत होतं. झालं भलतंच.

हिवरखेडहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, की तुमच्या हातचा कूलर पाणी ओढत नाही, येऊन बघा. भाऊजी गेले. कूलर राहिला बाजूला अन् यांची नजर गेली गोठ्यामागं. तिथं कडब्याखाली एक जुनी फियाट उभी होती. उभी म्हणजे काय, चाकं जमिनीत रुतलेली, काचा गायब, अन् मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. भाऊजींनी बॉनेटवर बोट टेकवलं तर बोट आरपार गेलं. दुसरा कुणी असता तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पळाला असता. हे तिथंच उभे राहिले, बघतच राहिले. गिऱ्हाईक म्हणाला, "ने ना बाप्पा, माही जागा मोकळी होईन. फक्त कोंबडीचं होऊ दे." तर कोंबडीची पिल्लं निघेपर्यंत या माणसानं दम धरला, अन् मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती गाडी अकोल्याला आणली.

त्याच दिवशी ताईचा मला फोन. "सीमा, तुह्या भाऊजीनं भंगार आणलं वं घरी."

मी म्हटलं, विकायला आणलं असेल. "नाही वं. ठेवाले आणलं. त्याले धुऊन राहिले."

अंगणात जिथं ताईची तुळस अन् वाळवणाची खाट होती तिथं फियाट आली. तुळस गच्चीवर गेली, खाट शेजाऱ्यांकडं गेली. मग सुरू झालं काम. तारेचा ब्रश, घासकागद, ग्राइंडर. सकाळी चहा पोटात गेला की भाऊजी गाडीखाली. दिसायचे ते फक्त पाय. जेवायला चला, औषध घ्या, गॅसवाला आलाय, हे सगळं ताई त्या दोन पायांना सांगायची. गंज खरवडायचा, खाली चांगलं लोखंड लागलं तर त्याला तांबडा रंग फासायचा, नाही लागलं तर तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. महिने गेले. अंगण, खिडक्या, भाऊजींच्या भुवया, सगळं गंजाच्या भुकटीनं तांबडं झालं.

बरं, नुसती गाडी चालती करायची तर तेही ठीक होतं. पण भाऊजींच्या डोक्यात एक शब्द शिरला. असल! सगळं असल पाहिजे. दाराची नवी मूठ बाजारात हातोहात मिळत होती, पण ती प्लास्टिकची. नाही चालणार. मग अमरावतीच्या भंगारवाल्यांकडं खेटे घालून घालून जुनी लोखंडी मूठ आणली, अन् ती आणली त्या दिवशी जिलबी पण आणली. रंगाचं तर विचारूच नका. डॅशबोर्डाच्या आतल्या अंगाला, जिथं ऊन कधी पोचलं नाही, तिथं मूळचा रंग सापडला, फिक्कट निळा. तो नखानं खरवडला, कागदाच्या पुडीत बांधला अन् रंगाच्या दुकानात नेला. दुकानदारानं पुडी उघडून विचारलं, "काका, हे खायचं हाय का लावायचं?"

या सगळ्यामागं कारण होतं. अमरावतीला जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मेळावा भरणार होता. तिथं जशीच्या तशी राखलेली गाडी वेगळ्या रांगेत उभी करतात, अन् ज्यांनी आपल्या मनानं काही बदललं त्यांची वेगळी. भाऊजींना त्या असलवाल्या रांगेत उभं राहायचं होतं. बस, एवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्यांना कूलर टांगले, आता आपली गाडी लोकांनी बघावी. यात वाईट काही नव्हतं, हे मी आजही म्हणते.

मी एकदा मुद्दाम बघायला गेले. भाऊजींनी मला दरवाजा उघडून-लावून, उघडून-लावून दाखवला. "ऐका वहिनी, आवाज ऐका!" मी ऐकला. दरवाज्याचा आवाज दरवाज्यासारखाच होता. पुढची लांबलचक सीट दाखवली, दोघांतिघांना मांडीला मांडी लावून बसता येईल अशी एकसंध. स्प्रिंगा मूळच्या, कापडसुद्धा मूळचं, कोंबडीनं तेवढी पुढची सीट सोडली होती. "हे पाहा, याले म्हणते असल," भाऊजी म्हणाले. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. एका हातात ट्रे, दुसरा हात भिंतीवर. पायरी उतरताना आधी एक पाय, मग थांबून, ओठ दाबून दुसरा. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलेलं मी आधीच बघितलं होतं. मी विचारलं, "ताई, गुडघे लय दुखतात का?" ती म्हणाली, "वय झालं वं आता." भाऊजी तेव्हा दरवाज्याच्या बिजागऱ्या पुसत होते.

अन् मग आला मे महिना. गाडीचा तळ पार कुजला होता, आत बसून खाली बघितलं तर जमीन दिसायची. त्याला जाड पत्रा हवा होता. हल्लीचा पत्रा भाऊजींनी हातात घेतला की तोंड वाकडं करायचे, म्हणायचे, हा पत्रा हाय का पापड? जुन्या काळचा जाडजूड पत्रा त्यांना कुठंच मिळेना. अख्ख्या अकोल्यात तो त्यांना फक्त एका ठिकाणी दिसला. स्वतःच्या बेडरूमच्या खिडकीत.

तो कूलर साधा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात भाऊजींनी तो ताईसाठी बनवला होता. तेव्हा त्यांचं स्वतःचं दुकानही नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात राबायचं, अन् उरलेल्या वेळात, उरल्यासुरल्या पत्र्यातून हा करायचा. समोरच्या बाजूला खिळ्यानं ठोकून ठोकून एक जास्वंदीचं फूल काढलं होतं. नवी नवरी उन्हानं हैराण होते म्हणून. मोटर किती वेळा बदलली असेल, पंखा बदलला, पण अंग तेच राहिलं. दर उन्हाळ्याच्या आधी त्याच्या वाळ्याच्या ताट्या ताई स्वतः बदलायची, सुनेलाही हात लावू द्यायची नाही.

त्या दुपारी ऊन असं होतं की अंगणातला नळ हातानं धरवत नव्हता. ताई जेवून आडवी झाली होती. भाऊजी आत आले, बटण बंद केलं, अन् जन्मभराच्या सवयीनं, जराही आवाज न करता, तो कूलर खिडकीतून काढून नेला. ताई घामानं जागी झाली. खिडकीत कूलरच्या जागी नुसतं चौकोनी ऊन. बाहेर येऊन बघते तर कूलरची टाकी उलगडून अंगणात सपाट पडलेली, जास्वंदीचं फूल भिंतीला टेकवलेलं, अन् भाऊजी पत्र्यावर खडूनं रेघा मारत होते.

"अवं पाह्य ना, काय असल पत्रा हाय!" ते म्हणाले. "फियाटीच्या तळाले एकदम बरोबर. तुले उद्या नवा आणतो प्लास्टिकचा, रिमोटवाला."

अकोल्यात, मे महिन्यात, झोपलेल्या बायकोचा कूलर काढला. तोही तो कूलर! अन् काढणारा कोण, तर कूलरवाला. मी म्हणते ना तुम्हाला, बह्याड.

ताई काही बोलली नाही. हे वाईट लक्षण. माझी नणंद बोलत असते तोवर काळजी नसते. तिनं चार साड्या पिशवीत कोंबल्या, चपला घातल्या, रिक्षा केली अन् एसटी स्टँड गाठलं.

आम्ही अंजनगाव सुर्जीला असतो. आमच्या ह्यांचं, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाचं, खताबियाण्याचं दुकान आहे, अन् घर त्याच्याच मागं. दिवे लागायच्या वेळी दार वाजलं. बघते तर ताई, घामानं निथळत, चेहरा लालबुंद. मी पाणी दिलं. ती एका दमात प्यायली अन् म्हणाली, "त्याले गाडी पायजे, गाडीसंगं राहू दे त्याले. मी नाही जात आता तठी."

मला वाटलं, चार दिवसांचा राग. चार दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचे महिने झाले. माझ्या भाजीत मीठ कमी, माझ्या पोळीला पदर नाही, माझा पोरगा स्वप्निल उशिरा उठतो, माझे डबे चुकीच्या फळीवर. ताई ओट्यापाशी स्टूल टाकून बसली की मला माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी झाल्यासारखं व्हायचं. ताईवर माझा जीव आहे, खोटं नाही सांगत. पण नणंद ही थोडक्यात गोड लागणारी गोष्ट आहे, हे कुणीही बाई तुम्हाला सांगेल.

विपुल बिचारा मध्ये सापडला. त्यानं काय केलं, आईच्या खोलीत एसी बसवला अन् त्याचा फोटो पाठवला. ताईनं चष्मा लावून फोटो बघितला. म्हणाली, "मी काय हवेसाठी आली का अठी?"

मग मला म्हणाली, "सीमा, मले पत्र्याचं दुःख नाही वं. इतके वर्सं त्या कूलरमंदी मले तो माणूस दिसे. त्याले त्याच्यात पत्रा दिसला."

मी चहा ठेवला.

भाऊजींचे फोन यायचे. पण काय बोलायचे? "तिले सांगा, रंगाचा पहिला हात झाला." मी फोन आपटायची.

भाद्रपद आला. महालक्ष्म्या तोंडावर आल्या. लग्न झाल्यापासून अकोल्याच्या घरी ताईनं स्वतःच्या हातानं महालक्ष्म्या बसवल्या होत्या, एक वर्ष चुकवलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता तरी जाईल. तर ताईनं सुनेला, प्राजक्ताला, फोन लावला. सोळा भाज्या कुठून आणायच्या, आंबील कशी करायची, मुखवट्यांची पेटी कुठं आहे, सगळं नीट सांगितलं, अन् म्हणाली, "यंदापासून तूच बसव." यंदा नाही, यंदापासून! तोवर मी याला रुसवा समजत होते. हा रुसवा नव्हता. एका बाईनं आपलं घर सोडलं होतं, अन् त्या घरातला माणूस रंगाचे हात मोजत बसला होता.

आमच्याकडं रागावून माहेरी आलेली बाई आपल्या पायानं परत जात नाही. न्यायला यावं लागतं. मी फोन केला अन् आवाज चढवूनच बोलले. "भाऊजी, येऊन घेऊन जा तिले. नाही आले तर ती कायमची अठलीच झाली, समजून चाला."

ते म्हणाले, "येतोच वहिनी. गाडी तयारच झाली. गाडीतच नेतो तिले."

महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी आले. खरं सांगते, गाडी बघून माझाही राग क्षणभर विरघळला. निळीशार, चकचकीत, बंपरात आमची अख्खी गल्ली दिसत होती. लोक जमले. दुकानाशेजारच्या सलूनमधून पुंजाराम वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला, आत गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बसलेलं. भाऊजींनी पांढरा सदरा घातला होता. ऐटीत गाडीला वळसा घालून त्यांनी डावीकडचा दरवाजा उघडला अन् उभे राहिले.

ताई आतून आली. अन् मी बघतच राहिले. तिनं साडी बदलली होती. हिरवी, ठेवणीतली. तोंडावर पावडर. म्हणजे जायचं होतं तिला! एवढा राग, एवढं बोलणं, पण तो माणूस दारात आला म्हणून तिनं ठेवणीतली साडी काढली होती. भिंत धरून ती एकेक पायरी उतरली, गाडीपाशी गेली, अन् आत बसायला वाकली.

त्या जुन्या गाडीची सीट ही एवढी खाली. गुडघा वाकेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. एक हात दरवाज्यावर, दुसरा टपाच्या कडेला घट्ट, अन् ती अर्धी आत, अर्धी बाहेर, तशीच अडकली. ना आत जाता येई, ना बाहेर. सगळी गल्ली बघते आहे. अन् तेव्हा हा माणूस काय बोलला?

"अवं, तठी हात नको लावू, रंग कच्चा हाय अजून. डाग पडन."

ताईनं हात काढला. कशीबशी बाहेर आली. गाडीच्या तळाकडं, आपल्या कूलरच्या पत्र्याकडं, एकदा बघितलं, भाऊजींकडं बघितलंच नाही. भिंत धरून एकेक पायरी चढली, आत गेली अन् कडी लावली.

मग माझं तोंड सुटलं. गल्ली ऐकते का, कोण ऐकते, मी बघितलं नाही. "भाऊजी, तुमाले या गाडीच्या एकेका बोल्टाचं दुखणं मालूम हाय. तुमची बायको स्टुलावर बसून पोळ्या करते, हे मालूम हाय का? पायरी उतराले भिंत लागते तिले, हे मालूम हाय? देवाजवळ खाली बसता येत नाही म्हणून उभ्यानं हात जोडते, पाहिलं कधी?"

भाऊजींनी विचारलं, "कधीपासून?"

"तुमी गाडीखाली गेले तवापासून!"

ते पायरीवर खाली बसले. मघाची ऐट कुठल्या कुठं गेली. मला वाटलं होतं वाद घालतील, चिडतील. त्यांनी ओंजळीत तोंड धरलं अन् म्हणाले, "मले नाही दिसलं वहिनी. खरंच नाही दिसलं." मला त्यांचा राग पण येत होता अन् दया पण.

थोड्या वेळानं ते उठले अन् पुंजारामच्या सलूनमध्ये जाऊन बसले. घरात जागा नाही, गाडीत बसवत नाही, जाणार कुठं? पुंजारामनं नव्या गुबगुबीत खुर्च्या आणल्या होत्या, जुनी लोखंडी खुर्ची कोपऱ्यात टाकलेली होती, हे तिच्यावर टेकले. पुंजारामनं आपला चहा मागवला अन् कप हातात देता यावा म्हणून सवयीनं खुर्ची गर्रकन आपल्याकडं वळवली. भाऊजींनी चहा घेतलाच नाही. खाली वाकून खुर्चीचा दांडा बघितला. मग स्वतःच डावीकडं फिरले. उजवीकडं फिरले. दांडा दाबून वर झाले, खाली झाले, पुन्हा वर. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, गेला! होतं नव्हतं तेवढं डोकं पण गेलं.

पुढं जे झालं ते अजून भारी. दोघांनी मिळून ती खुर्ची उचलली अन् फियाटच्या टपावर चढवली. त्या नव्या कोऱ्या रंगावर, खाली साधं पोतंसुद्धा नाही! दोरी आवळताना खुर्चीचा लोखंडी पाय कर्रर्र करत सरकला अन् निळ्या रंगावर हातभर ओरखडा उठला. मीच डोळे मिटले. भाऊजींनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. कुणाचा निरोप न घेता निघून गेले.

पुंजाराम सांगायला आला. "वहिनी, पाव्हणे मले इचारत होते, ही खुर्ची गाडीत बसन का. म्हणे, बाईमाणसाले वाकावंच नाही लागलं पायजे." मी ते कडी लावलेल्या दाराशी जाऊन ताईला सांगितलं. आतून आवाज आला, "काय करते ते करू दे."

महालक्ष्म्या प्राजक्तानं बसवल्या. त्या दिवशी ताई आमच्या घरी दिवसभर काही ना काही निवडत बसली. तांदूळ निवडले, मग तेच पुन्हा निवडले.

त्यानंतर विपुलचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, मुद्दाम. ताई समोर मेथी निवडत होती. विपुल म्हणाला, "मामी, बाबानं फियाटीची पुढची सीट कापली."

"कोणती? ती असलवाली?"

"तेच तर! उभी ग्राइंडरनं कापली. मी म्हटलं बाबा, आता अमरावतीले तुमाले त्या रांगेत कोण उभं करते? तर म्हणते, जातच नाही अमरावतीले. कापताना डोळ्यातून पाणी चालू होतं त्याईच्या, म्हणते ठिणगी गेली."

ताईचा मेथीवरचा हात थांबला. मग ताई फोनकडं न बघताच म्हणाली, "जेवून राहिला का तो वेळेवर?" मी मनात म्हटलं, चला.

नवरात्राच्या आधी एका सकाळी, फोन नाही, निरोप नाही, फियाट आमच्या दारात उभी. टपावरचा ओरखडा तसाच. भाऊजी उतरले ते कामाच्या मळक्या कपड्यांत, दाढी वाढलेली, उजव्या हाताला भाजल्याची पट्टी. पाठीत थोडे वाकलेले. ऐटबीट काही नाही. त्यांनी ताईला हाकसुद्धा मारली नाही. डावीकडचा दरवाजा उघडला, आत हात घालून दांडा ओढला, अन् पुंजारामची खुर्ची गर्रकन बाहेर, आमच्या पायरीकडं तोंड करून आली. नवं रेक्झिन, नवी गादी, बाजूला धरायला दोन मुठी. दुसरा दांडा दाबला तशी ती हळूहळू वर उचलली गेली, पार कमरेएवढी.

ताई दारात आली होती. हाताला कणीक तशीच.

"बसून पाह्य," भाऊजी म्हणाले. आवाज इतका खाली की मलाही जेमतेम ऐकू आला. "नाही जमलं तर सांग. अजून कापतो."

ताई पायऱ्या उतरली. खुर्चीला पाठ केली, मुठी धरल्या अन् बसली. गुडघा वाकवावाच लागला नाही. भाऊजींनी खुर्ची सावकाश खाली घेतली, सावकाश फिरवली, तिचे पाय हातानं आत ठेवले, दरवाजा लावला. पुंजाराम म्हणाला, "वा रे पठ्ठे!"

ताई समोर बघत बसून होती. बसली म्हणजे चालली असं थोडंच असतं? माझी नणंद आहे ती, बसून बघून खाली उतरली असती अन् म्हणाली असती, खुर्ची चांगली हाय, जा आता. माझा जीव नुसता टांगणीला. भाऊजी दरवाज्यापाशी उभे, त्यांचे हात कुठं ठेवू म्हणत होते.

मग ताईनं मान वळवून बाजूला बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूला. अन् तिथं सीटच नव्हती. ती एकसंध सीट कापल्यावर उरलेल्या अर्ध्या भागाच्या स्प्रिंगाही सुटल्या असणार; ताईची बाजू तेवढी झाली होती. भाऊजींच्या बाजूला नुसती लोखंडी चौकट, चौकटीला बोल्ट मारलेली फळी, अन् फळीवर घडी घातलेलं पोतं.

"तुमी कायवर बसून आले?" ताईनं विचारलं.

"फळी हाय ना."

"अकोल्यापासून?"

"दर्यापूरले उतरलो होतो थोडं. पाठ धरली होती." मग म्हणाले, "तुही सीट झाली अन् निंघालो. माही होईन मंग."

माझी नणंद रडायला लागली. भर गल्लीत, पदरबिदर न लावता, तोंड उघडं टाकून. भाऊजी घाबरले, "काय झालं, लागलं का कुठी?" म्हणून दरवाजा उघडायला धावले. तिनं हात हलवून त्यांना थांबवलं. मी पण रडत होते, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं ते बरं.

"सीमा!" ताई ओरडली. "उभी काय राहिली वं? माही पिशवी आण आतून. अन् एखादी जाड उशी आण, चांगली!"

मी धावत आत गेले. पिशवी भरली, हाताला लागेल ते कोंबलं. उशी घेतली ती घरच्या कापसाची, नवी, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेली. ताईनं ती माझ्या हातातून ओढून घेतली, खुर्चीवरून वाकून त्या फळीवर ठेवली, दोन्ही बाजूंनी थापटली, मधे कणकेचे हात उमटले.

"बसा आता," ती त्यांना म्हणाली.

भाऊजी बसले अन् गाडी सुरू केली.